फुली मारलेली नावे

प्रथम क्षमा मागते. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी आयुष्यभर नोकरी केली, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांना क्रमांक लावले आणि ती वेळेवर परत मागितली. लिहिणारी माणसे निराळ्या मातीची असतात ही माझी तेव्हापासूनची समजूत आहे आणि ती अजूनही बदललेली नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा घसा आजही कोरडा पडतो. निवृत्तीच्या समारंभात आभाराची दोन वाक्ये पाठ करून गेले होते. त्यातले एकच म्हटले आणि खाली बसले. अशा बाईने उतारवयात आठवणी लिहायला घ्याव्यात, आणि त्याही एका आमदाराच्या घरातल्या, हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. माझ्या वडिलांनी सहा निवडणुका लढवल्या; तीन जिंकल्या, तीन हरले. त्यांच्या कारकिर्दीबद्दल कुतूहल असणाऱ्यांना हवे असते ते, म्हणजे सभागृहातली भाषणे, पक्षातले गट, तिकिटासाठी केलेल्या मुंबईच्या खेपा, यातले मला काहीच सांगता येणार नाही. मला एक स्वयंपाकघर माहीत होते, एक बैठक माहीत होती आणि महानगरपालिकेच्या शाळेतला एक बाक. त्या बाकावर मी एकच दिवस बसले. लिहिण्याबद्दल क्षमा मागितली, पण त्या दिवसाबद्दल मागणार नाही. ती मागावी म्हणून आमच्या नात्यागोत्यातली माणसे इतकी वर्षे वाट पाहत आहेत, त्यांनी आता वाट पाहणे सोडावे.

आमचे घर नंदनवन नावाच्या वसाहतीत होते. वसाहत तेव्हा नवीन होती, झाडे लहान होती आणि सगळी घरे एकाच साच्यातली, त्यामुळे आमचे घर शोधणाऱ्याला लोक एवढेच सांगत की ज्या घरासमोर चपला दिसतील ते भाऊंचे. बाबांना सगळे भाऊच म्हणत. पहाटे साडेपाचला फाटकाची कडी वाजली की आई अंथरुणातूनच विचारायची, "किती आहेत गा?" आणि बाहेरून कुणीतरी हसत उत्तर द्यायचे, "सध्या सातच आहोत, वहिनी. येऊन राहिले बाकीचे." मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, चाळीस कपांच्या पातेल्याचा ओट्यावर बसताना होणारा धप्प असा आवाज, आणि थोड्याच वेळात हरभऱ्याच्या तर्रीचा तिखट वास. आमच्याकडे पोह्यांवर तर्री घालताना माणूस पाहून वाटी भरण्याची पद्धत होती. नुसता गप्पा मारायला आलेल्याला एक पळी, काम घेऊन आलेल्याला दोन, आणि ज्याचे काम होणार नाही हे आईला आतूनच ऐकू आले असेल त्याला तीन. "पोट तरी भरू दे बापा त्याचं," असे ती म्हणे. बाबा बैठकीत एका लाकडी खुर्चीवर बसत. ते कुणालाही नाही म्हणत नसत. "पाहतो," एवढेच म्हणत, आणि त्या 'पाहतो'ची किंमत त्यांच्या आवाजावरून आम्हा घरच्यांना बरोबर कळत असे. ते वाईट नव्हते. दवाखान्यात रक्त हवे म्हणून कुणी अर्ध्या जेवणातून उठवले, तर हात तसाच धुऊन स्कूटर काढणारा तो माणूस होता. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचे वाचून त्यांच्याबद्दल कुणी घाईने मत बनवू नये.

मी या सगळ्या गर्दीत मान खाली घालून वावरत असे. ही अलंकारिक भाषा नाही, मी खरोखरच मान वर करत नसे. चहाचा ट्रे घेऊन बैठकीत गेले की मला गुडघ्यांच्या वरचे काही दिसत नसे. याचा एक विचित्र परिणाम असा झाला की मी माणसे पायांवरून ओळखू लागले. संक्रांतीनंतर आई हळदीकुंकू करायची. आमदाराच्या घरचे हळदीकुंकू म्हणजे अर्धा मतदारसंघ. अंगणात मांडव घालावा लागे आणि बायकांची रांग कोपऱ्यापर्यंत जाई. आई कुंकू लावायची, आणि तिच्या बाजूला बसून वाण हातात देण्याचे काम माझे. चार वर्षे मी त्या रांगेतले पाय पाहिले. लकडगंजात लाकूड कापण्याच्या आरामशीनवर काम करणाऱ्या बायकांच्या बोटांच्या सांध्यांत लाकडाचा भुसा रुतलेला असे, तो धुऊनही जात नसे. माग चालवणाऱ्या घरच्या बायकांची एक टाच दुसरीपेक्षा जास्त झिजलेली. कुणाची जोडवी सैल झाली म्हणून दोऱ्याने बांधलेली, कुणाचे एक बोट दुसऱ्यावर चढलेले, कुणाच्या घोट्यावर गोंदलेला विंचू. चेहरा विचारला असता तर मला एकीचाही सांगता आला नसता.

माझ्या अक्षराला मात्र घरात फार मान होता. निवडणूक जाहीर झाली की छापील मतदारयादी घरी येई, आणि मी अभ्यास (त्या वर्षी एम.ए.चा) बाजूला सारून तिच्यापुढे बसे. त्या वेळी मतदारांना द्यायच्या चिठ्ठ्या हाताने लिहाव्या लागत: नाव, यादीतला क्रमांक, शाळेचे नाव. पण त्याआधी एक काम असे, आणि ते गुलाबरावांचे. गुलाबराव म्हणजे बाबांचा उजवा हात. धिप्पाड, पानाने ओठ रंगलेले, आणि मतदारसंघातल्या प्रत्येक घराची खबर असलेले. मी त्यांना काका म्हणे. ते माझ्यासमोर मांडी घालून बसत, मी नाव वाचायची आणि ते खूण सांगायचे. आपले असेल तर टिंब, नक्की नसेल तर गोल, आणि आपले नाहीच असे असेल तर फुली. मला वाटे हे सगळे प्रचारासाठी आहे. गोलवाल्यांकडे दुसऱ्यांदा जायचे, फुलीवाल्यांकडे पाय झिजवायचे नाहीत. तसे मला कुणी सांगितले नव्हते. पण मी दुसरे काही विचारलेही नव्हते.

"गणपत महादेव," मी वाचायची.

"टिंब. त्याच्या पोराले आपणच लावलं न शाळेत."

"इंदिरा गणपत."

"तिले गोल मार. नवऱ्याचं ऐकत नाही थे."

"काका, बायकोनं नवऱ्याचंच ऐकलं पाहिजे का?" हे मी पुटपुटायची.

"मोठी बोलाले लागली वं! भाऊ, ऐकून राहिले का? पोट्टी यादीत राजकारण करून राहिली." मग सगळी बैठक हसायची आणि माझे कान तापायचे.

त्या वर्षीच्या यादीतल्या एका फुलीची मला नेमकी आठवण आहे. आरामशीनच्या मागच्या वस्तीत राहणाऱ्या कौसल्याबाईंची. फुली मारण्याच्या आदल्याच दिवशी सकाळी त्या आमच्या बैठकीत आल्या होत्या. हातात पितळेचा गडवा होता. डाव्या पायावर, घोट्यापासून अंगठ्यापर्यंत, जुन्या भाजल्याचा गुळगुळीत डाग होता, तो मला दारातून दिसला. त्यांनी गडवा बाबांच्या खुर्चीपुढे जमिनीवर ठेवला.

"भाऊ, हे पेऊन पाहा."

बाबांनी वाकून पाहिले. पाणी चहासारखे लाल होते.

"हापशीचं आहे का?" त्यांनी विचारले.

"हौ. पाच वर्षं झाले तुम्ही पाहून राहिले थे हापशी. मागच्या खेपेला मी तुम्हाले मत देल्लं, माह्या सुनेनं देल्लं, शेजारणीले मी हात धरून नेलं. या खेपेला देणार नाही. मागून बोलणारी बाई नाही मी, म्हणून तोंडावर सांगाले आली."

बैठकीत कुणी हसले नाही. बाबा म्हणाले, "पाहतो, बाई." तो आवाज ऐकून आईने आतून तीन पळ्या तर्री घातलेले पोहे पाठवले. कौसल्याबाईंनी ते उभ्यानेच खाल्ले, बशी धुऊन पालथी ठेवली, गडवा तिथेच सोडला आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे नाव मी वाचले तेव्हा गुलाबरावांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. "फुली. चांगली ठसठशीत मार." मी पट्टी धरून दोन रेघा ओढल्या. माझी फुली नेहमीच सुबक येत असे.

मतदानाच्या दिवशी त्या वस्तीच्या केंद्रावर आमचा प्रतिनिधी म्हणून मला बसवायचे ठरले. हे काम काय असते ते आता फारसे कुणाला माहीत नसते, म्हणून सांगते. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस बसतो. अधिकारी येणाऱ्याचे नाव मोठ्याने वाचतो, आणि हा माणूस आपल्या यादीवर खूण करतो. आलेली व्यक्ती ती नव्हेच असे वाटले तर त्याने उठून आक्षेप घ्यायचा, दोन रुपये भरायचे, आणि मग केंद्राध्यक्ष चौकशी करतो. बायका डोक्यावरून पदर ओढून येत, आणि छायाचित्राची ओळखपत्रे तेव्हा नव्हती. परक्या पुरुषाने पदर वर करा म्हणणे शोभत नसे. म्हणून बायका ओळखणारी बाई हवी होती. बाबांना माझी काळजी वाटत होती. "जमेल का वं तुले? बोलावं लागते तिथं," ते म्हणाले. गुलाबराव हसले. "बोलाचं काही कामच नाही भाऊ. तिनं फक्त बसाचं. तिच्यापेक्षा चांगली माणूस आपल्याले भेटणारच नाही." त्या वाक्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी साडेअकराला कळला.

सकाळी सात वाजता आमच्या नंदनवनातल्या केंद्रावर जाऊन मी पहिल्यांदा स्वतःचे मत टाकले. आयुष्यातले पहिलेच. मग वस्तीच्या शाळेत येऊन बाकावर बसले. आईने डब्यात गोळाभात आणि फोडणीच्या तेलाची वेगळी बाटली दिली होती, आणि रुमालाच्या गाठीत दोन रुपयांची नोट, चहासाठी. माझ्या शेजारी विरोधी उमेदवाराचा प्रतिनिधी होता, वकिलीच्या शेवटच्या वर्षात असलेला एक हसरा तरुण. त्याने कागदात गुंडाळलेला आलूबोंडा माझ्यापुढे केला आणि म्हणाला, "घ्या ताई. खाण्यात पक्ष नसते." मी घेतला नाही, पण हसू आले. केंद्राध्यक्ष हे एक वयस्क शाळामास्तर होते, चष्म्याला दोरी बांधलेले. शाळेच्या भिंतीपलीकडे आरामशीन बंद होती. त्या दिवशी सुट्टी होती, आणि रोजचा तो लाकूड कापल्याचा करवती आवाज नसल्यामुळे वस्ती ओळखूच येत नव्हती.

पहिले तीन तास सुरळीत गेले. मी जमिनीकडे पाहत होते आणि पाय येत होते. सव्वा नऊला अनुसया आली. गुलाबरावांच्या गल्लीत भांडी घासणारी ही बाई आमच्या हळदीकुंकवाला दर वर्षी येत असे. उजव्या पायाची जोडवी तिने लाल दोऱ्याने बांधलेली होती. तिचे नाव वाचले गेले, तिने मत टाकले, गेली. मी टिंबावर खूण केली. साधारण साडेदहाला एक नाव वाचले गेले, आणि माझ्या यादीत त्याच्यापुढे फुली होती. आलेल्या बाईचे पाय मला ओळखीचे वाटले, पण नक्की आठवेना. पंधरा मिनिटांनी आणखी एक फुली, आणि पुन्हा ओळखीचे पाय. त्या दोन बायका नंदनवनाकडच्या होत्या, या वस्तीतल्या नव्हत्या, हे मला उशिरा सुचले. मी स्वतःला सांगितले की माझी चूक होत असेल. लाजाळू माणसाला स्वतःची चूक असल्याचे फार लवकर पटते, आणि त्याच्या आड त्याला आरामात बसता येते. मग साडेअकराला अधिकाऱ्याने वाचले, "कौसल्या."

समोर एक बाई उभी होती. पदर छातीपर्यंत ओढलेला, लग्नघरातून आल्यासारखी दोन्ही हातांना बोटांच्या टोकांपर्यंत हळद. अधिकाऱ्याने डाव्या हाताच्या बोटाकडे पाहिले, पिवळे दिसले, आणि त्याने शाईच्या बाटलीकडे हात नेला. मी जमिनीकडे पाहिले. डाव्या पायावर भाजल्याचा डाग नव्हता. उजव्या पायाच्या जोडव्याला लाल दोरा होता.

त्या क्षणी मला काय काय कळले ते सांगायला मला आज परिच्छेद लागेल. तेव्हा ते सगळे एकदमच कळले. फुल्या कशासाठी होत्या. त्या बायकांच्या आधी त्यांची मते कुणीतरी टाकायची, म्हणजे त्या आल्या की यादीवर खूण झालेली असणार. गडवा घेऊन आलेली ती बाई दुपारी याच दारात येईल, आणि मास्तर तिला सांगतील की बाई, तुमचे मत पडले. आणि ती फुली मी काढली होती, पट्टी धरून. मला तिथे बसवले होते ते बायका ओळखता येतात म्हणून नव्हे, तर ओळखूनही माझ्या तोंडातून शब्द निघणार नाही, याची खात्री होती म्हणून.

मी उठले. मी हातातली पेन्सिल बाकावर आपटली. सगळ्यांनी वळून पाहिले.

"आक्षेप आहे," मी म्हणाले.

"कोणाचा?" मास्तरांनी चष्म्यावरून पाहिले.

"माझा."

शेजारचा वकील माझ्या कानाशी वाकला. "ताई, घोळ होऊन राहिला तुमचा. हे तुमच्याकडचं माणूस आहे. आक्षेप मी घ्याले पाहिजे."

"मग काहून नाही घेतला?" मी म्हणाले. माझ्या आयुष्यातले हे पहिले उलट उत्तर असावे.

मास्तर म्हणाले, "दोन रुपये भरावे लागतात, बाई. आक्षेप खोटा ठरला तर जप्त होतात." मी रुमालाची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना; शेवटी दातांनी सोडली. नोट टेबलावर ठेवली. "या कौसल्याबाई नाहीत. या अनुसया आहेत. सकाळी सव्वा नऊला यांनी मत टाकलं आहे. यांच्या जोडव्याला लाल दोरा आहे, तुम्ही पाहा. आणि बोट धुवायला सांगा."

बोट धुवावे लागलेच नाही. पदराआडून हुंदका आला. "ताई, माह्यावर काहून रागावता वं? मले गुलाबभाऊनं पाठवलं. तुमच्याच घरचं काम आहे, असं सांगतलं."

पोलीस दारातून आत आला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, म्हणजे पुढे काय करायचे हे जणू मी ठरवायचे होते. मी म्हणाले, "पाठवणाऱ्याचं नाव लिहा." मास्तरांनी समोरचा छापील कागद उलटसुलट करून पाहिला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "त्याचा रकाना नाही, बाई, याच्यात." वकील खो-खो हसला. मग मास्तरांनी अनुसयेला सक्त ताकीद दिल्याचे लिहिले आणि तिला घरी पाठवले. नियमाप्रमाणे तिला पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवे होते. त्यांनी दिले नाही, मीही म्हटले नाही. त्या एका गोष्टीबद्दल माझे मन अजून दोन्हीकडे आहे. आधीच्या दोन बायकांबद्दलही मी सांगितले. मास्तर म्हणाले की पेटीत पडलेले आता बाहेर काढता येत नाही. म्हणजे दोन मते चोरीला गेली, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत, मी स्वतःची समजूत घालत असताना. हे माझ्या खात्यावर आहे आणि मी ते लपवत नाही.

दहा मिनिटांत गुलाबराव खिडकीच्या गजांपाशी आले. पान थुंकून आले होते, ओठ मात्र लाल होते.

"काय करून राहिली तू? तुहा बाप उभा आहे न वं!"

"माहीत आहे, काका."

"मग घरची आहे का समोरच्याची? एका मतानं काय होते? त्या बाईनं तं तोंडावर शिव्या देल्ल्या भाऊले."

"शिव्या नाही दिल्या. मत देणार नाही म्हणाल्या. ते मत त्यांचं आहे, त्याच टाकतील."

"शिकवलं म्हणून हे पाहा लागून राहिलं," ते गजांना म्हणाले आणि निघून गेले.

पुढे जे झाले ते मी नंतर ऐकले. भाऊंच्या मुलीनेच भाऊंची बाई पकडली, ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या केंद्रांवर पोचली. विरोधकांचे झोपाळू प्रतिनिधी खडबडून जागे झाले, प्रत्येक पदराकडे पाहू लागले, आणि गुलाबरावांना आपली सगळी व्यवस्था गुंडाळावी लागली. साडेतीनला कौसल्याबाई आल्या. भाजल्याचा डाग, ओले पाय. कुठेतरी कामावरून धावत आल्या असाव्यात. नाव वाचले गेले, शाई लागली, त्या पडद्यामागे गेल्या. परत जाताना माझ्यापाशी थांबल्या. सकाळी वाचले गेलेले ते नाव त्यांचेच होते याचा त्यांना पत्ता नव्हता, आणि पुढेही कधी लागला नाही. "ताई, नाही देल्लं वं तुह्या बापाले," त्या म्हणाल्या. "सांगून ठेवते. खोटं कशाले बोलाचं." त्या दिवशी मी प्रथमच त्यांचा चेहरा पाहिला. गोल होता, हनुवटीवर गोंदण होते, आणि त्या थोड्या ओशाळलेल्या होत्या.

बाबा हरले. फरक इतका थोडा होता की फेरमोजणी मागावी लागली, आणि तीतही ते हरलेच. त्यांचा पक्ष मात्र राज्यात आला, आणि त्यांच्याबरोबरीच्या दोघांना मंत्रिपदे मिळाली. आमच्या घरासमोरच्या चपला एका आठवड्यात नाहीशा झाल्या. चाळीस कपांचे पातेले माळ्यावर गेले, पण आईचा हात काही बदलेना; पोहे परातभर व्हायचे आणि आई, बाबा, माझी बहीण आणि मी असे आम्ही चौघे ते दुपारी आणि रात्रीही खायचो. रामदासपेठेतली आत्या मुद्दाम येऊन माझ्यासमोर आईला म्हणाली, "वैऱ्यानं पाडलं असतं तं दुःख नव्हतं. पोटच्या पोरीनं पाडलं." आईने तिच्या बशीत तर्री घातली. तीन पळ्या. आत्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता, पण मला होता, आणि त्या काळात मला मिळालेला तेवढाच आधार. मी स्वतः कुणाला मत दिले, हे मात्र त्या घरात एकानेही विचारले नाही. मी बाबांनाच दिले होते.

बाबा माझ्याशी दीड महिना बोलले नाहीत. रागावलेही नाहीत, त्यांनी मला पाहणेच सोडले. एका संध्याकाळी मी अंगणात वाळवणाची चादर गोळा करत होते, तेव्हा ते पायरीवर येऊन बसले.

"मले येऊन सांगता आलं असतं तुले," ते म्हणाले.

"तुम्हाले माहीत नव्हतं का, बाबा?"

ते म्हणाले, "गुलाब काय करते हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तं त्यानं सांगतलं असतं. म्हणून नाही विचारलं."

एवढ्या वर्षांत माझ्या वडिलांच्या तोंडून मी ऐकलेले हे सर्वांत खरे वाक्य आहे. ते बोलून ते आत गेले, आणि रात्री ताटावर त्यांनी मला लोणचे वाढायला सांगितले. इथेच ही गोष्ट संपली असती तर ती लिहायची गरज पडली नसती.

पण पुढची निवडणूक आली. पहिल्याच जाहीर सभेत, आमच्या घरामागच्या मैदानावर, मी बायकांच्या बाजूला मागे बसले होते. बाबा माइकपुढे आले आणि म्हणाले, "मायबाप हो, माह्या पोरीले मी एकच सांगतलं होतं. बूथवर बस, आणि चुकीचं दिसलं तं आपल्या माणसालेही सोडू नको. तिनं माहाच माणूस पकडला. मी सीट गमावली, पण इमान नाही गमावलं!" काय टाळ्या पडल्या! गुलाबराव व्यासपीठावरच होते, आणि सर्वांत जोरात तेच वाजवत होते. शेजारच्या बायका माझा हात धरून "जा वं, जा, स्टेजवर जा," म्हणू लागल्या. बाबांनीही माइकवरून हाक मारली. मी उठले, आणि व्यासपीठाकडे पाठ करून घरी चालत आले. मैदानभर लोक पाहत होते. माझा घसा त्या दिवशीही कोरडा होता, पण पाय चालत होते.

ते घरी आल्यावर मी त्यांना म्हटले, "बाबा, सांगायचं असेल तर पूर्ण सांगा. अनुसयाला कोणी पाठवलं, आधीच्या दोन बायका कोण होत्या, फुल्या कोणी मारल्या. त्यात माझंही नाव घ्या."

"पूर्ण सांगतलं तं मत कोण देईन?" ते म्हणाले, आणि ते अगदी प्रामाणिक कुतूहल होते.

"मग अर्धंही सांगू नका."

"पाहतो," ते म्हणाले. तो आवाज मला ओळखता येत होता.

त्यांनी ती गोष्ट प्रत्येक सभेत सांगितली. ते जिंकले. मी त्या पूर्ण प्रचारात एकाही यादीला हात लावला नाही, आणि विजयाच्या मिरवणुकीत गुलाल घ्यायला बाहेर आले नाही. आता मतदारयाद्या मोबाइलवर येतात आणि केंद्रात वर कॅमेरा असतो. माझा भाचा, जो आता स्वतः नगरसेवक व्हायच्या खटपटीत आहे, मला म्हणतो की मावशी, आता असे काही होत नाही. मी त्याला विचारते की तुझी यादी कोण पाहते, आणि तो विषय बदलतो. बाबांच्या श्राद्धाला आमची पंगत बसते तेव्हा दर वर्षी कुणीतरी वाढता वाढता म्हणतेच, "त्या खेपेला हे गप्प बसली असती तं भाऊ मंत्री झाले असते." झाले असते. हे मी मान्य करते. माझे वडील मला फार आवडत होते आणि ते मंत्री झाले असते तर चांगले मंत्री झाले असते, असेही मला वाटते. तरीही तो दिवस पुन्हा आला तर मी उठेन, आणि या वेळी साडेदहालाच उठेन.

माझे म्हणणे मी लिहिले. आता वाचकांना एक विचारते, आणि उत्तर मला कळवायची गरज नाही. उमेदवार तुमचे वडील असते, समोर उभी असलेली बाई तुमच्याच घरातून पाठवलेली असती, आणि तुम्ही गप्प बसाल याची सगळ्यांना खात्री असती, तर तुम्ही उठला असता का?